जमीन मोजणारा आणि त्याचा कायदा

मंडळी, बाजारात आपण डाळ घ्यायला जातो. दुकानदार तराजू उचलतो. तेव्हा आपली नजर कुठे असते? काट्यावर असते. वजनावर सरकारी शिक्का आहे की नाही, हेही जाणता माणूस बघतो. पाव किलो डाळीसाठी आपण एवढे सावध असतो.

मग आपली पाच एकर जमीन मोजली जाते, तेव्हा मोजणाऱ्याच्या साखळीवर कोणाचा शिक्का आहे, हे आपण विचारतो का? बहुतेक जण विचारत नाहीत. आमच्या घरीही कोणी विचारले नव्हते. त्याची किंमत आमच्या घराने एकोणीस वर्षे भरली. म्हणून आजच्या पाठात आम्ही जमिनीबद्दल थोडे आणि जमीन मोजणाऱ्याबद्दल जास्त सांगणार आहोत.

आमच्या घरची गोष्ट

१९७४ साली आमचे वडील आणि आमचे चुलते वेगळे झाले. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणत असू. वडील थोरले, तात्या धाकटे. भांडण मुळीच नव्हते. घरात माणसे वाढली, चुली दोन झाल्या, एवढेच.

जमीन पाच एकर होती. एकाच तुकड्यात होती. पूर्व-पश्चिम ६६० फूट आणि दक्षिण-उत्तर ३३० फूट. मधोमध बांध घालायचा, पूर्वेकडची बाजू तात्यांना, पश्चिमेकडची वडिलांना, असे ठरले. दोघांनाही अडीच-अडीच एकर, म्हणजे शंभर-शंभर गुंठे यायचे.

सरकारी मोजणीला अर्ज करावा, तर फी भरावी लागे. नंबर लागायला महिनोन् महिने जात. कोणीतरी म्हणाले, “शेजारच्या गावात एक मोजणी जाणणारा माणूस आहे. एका दिवसात काम करतो.” तो आला. खांद्यावर जुनी लोखंडी साखळी होती. त्याने पूर्वेच्या बांधापासून दहा साखळ्या मोजल्या आणि तिथे दगड रोवला. पश्चिमेच्या बाजूने मोजून पाहिले नाही. “झालं निम्मंनिम्म,” म्हणाला. एक कागद लिहिला. वडिलांना आणि तात्यांना वाचता येत नव्हते. दोघांनी अंगठे उठवले. त्याने पैसे घेतले आणि तो गेला.

आता नीट ऐका. त्याची साखळी ३३ फुटांची असायला हवी होती. पण वर्षानुवर्षे ओढून ओढून ती ताणली होती. कड्या झिजल्या होत्या. ती ३३ फूट ४ इंच झाली होती. एका साखळीमागे चार इंच म्हणजे काय मोठेसे? पण दहा साखळ्यांना चाळीस इंच झाले. चाळीस इंच म्हणजे ३ फूट ४ इंच. बांध तेवढा वडिलांच्या बाजूला सरकून बसला. आणि बांधाची लांबी होती ३३० फूट. गुणाकार करून बघा. सुमारे ११०० चौरस फूट जमीन इकडची तिकडे गेली. म्हणजे एक गुंठ्याला थोडी जास्तच. तात्यांना १०१ गुंठे आले, वडिलांना ९९. त्या पट्ट्यात आमच्या आजोबांनी लावलेला एक आंबा होता. तोही गेला.

पुढच्या वर्षी वडिलांनी पावले टाकून शेत मोजले. त्यांना कमी भरले. ते म्हणाले, “तात्यानं बांध कोरला.” तात्या म्हणाले, “दगड आहे तिथंच आहे. मी हात लावला नाही.” दोघेही खरे बोलत होते. पण दोघांनाही दुसरा खोटा वाटला.

मोजणाऱ्याला विचारायला गेले. तो म्हणाला, “तुम्ही सांगितलं तसं मोजलं.” कागदावर त्याची सही नव्हती. त्याच्याकडे परवाना नव्हता, त्यामुळे काढून घ्यायलाही काही नव्हते. तक्रार कोणाकडे करायची, ते कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे तो गाव सोडून गेला. इकडे दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. एकमेकांच्या घरच्या लग्नालाही कोणी गेले नाही.

१९९३ साली तात्यांचा मुलगा आणि आम्ही मिळून पोटहिस्सा मोजणीचा सरकारी अर्ज केला. भूकरमापक आले. त्यांनी दोन्ही टोकांकडून मोजले. चूक कुठे झाली ते कागदावर आकडे मांडून दाखवले. आमचे वडील तोवर वारले होते. तात्या बांधावर बसून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, “म्हणजे दादा खोटं बोलत नव्हता.” आम्ही म्हणालो, “तात्या, तुम्हीही नव्हता.”

चूक साखळीची होती. आणि त्या साखळीबद्दल जबाब देणारा कोणी नव्हता, ही त्याहून मोठी चूक होती.

पूर्वी जमीन कशी मोजत

जमीन मोजायची तर माप ठरलेले हवे. एकाचा हात लांब, दुसऱ्याचा आखूड. म्हणून शिवाजीमहाराजांच्या काळी काठीचे माप ठरवून दिले होते. पाच हात आणि पाच मुठी एवढी एक काठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो एक बिघा. एकशेवीस बिघ्यांचा एक चावर.

पुढे इंग्रजी अंमल आला. पुणे भागात प्रिंगल नावाच्या अंमलदाराने १८२० नंतरच्या दशकात मोजणी करवली. हाताखालच्या मोजणीदारांनी खूप चुका केल्या. लाचलुचपतही चालली. त्या मोजणीवर सारा बसला, तो कित्येकांना पेलला नाही. त्यात धान्याचे भावही पडले होते. अनेक शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. शेवटी १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी काम नव्याने हाती घेतले. आपल्याकडचे सर्व्हे नंबर, टिपणे आणि गावनकाशे यांची घडी त्या कामातून बसत गेली.

यातून काय दिसते? मोजणारा चुकार निघाला, तर एक बांधच सरकतो असे नाही, गावेच्या गावे उठू शकतात.

त्या काळी आपल्या भागात ३३ फुटांची साखळी वापरत. तिचे १६ भाग करीत. त्या भागाला आणा म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे ३३ गुणिले ३३. उत्तर येते १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा! आजही आपण गुंठा म्हणतो, तेव्हा त्या जुन्या साखळीचेच नाव घेत असतो. ४० गुंठ्यांचा एक एकर.

आता सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहितात. १०० चौरस मीटर म्हणजे एक आर. एक गुंठा आणि एक आर जवळजवळ सारखेच. १०० आर म्हणजे एक हेक्टर. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. एवढे ध्यानात ठेवले की सातबारा वाचताना अडत नाही.

आजचा कायदा काय सांगतो

आपल्या देशाच्या घटनेने जमीन आणि जमिनीची मोजणी हा विषय राज्यांकडे दिला आहे. म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले, तेव्हा इथे एक कायदा नव्हताच. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १८७९ चा मुंबईचा कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा, विदर्भात मध्यप्रदेशाचा. एकाच राज्यातल्या शेतकऱ्याला तीन तऱ्हा. मग १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम झाला. १५ ऑगस्ट १९६७ पासून तो लागू झाला. सर्वांना एक कायदा मिळाला. कायदा जुना झाला की तो नवा करावा लागतो, याचे हे आपल्या घरचेच उदाहरण.

या कायद्यात हद्दी आणि हद्दीच्या खुणा यांवर एक सबंध प्रकरण आहे. त्यातल्या चार गोष्टी साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट. हद्दीचा वाद झाला, तर तो जमिनीच्या मोजणीच्या कागदांवरून आणि पुराव्यावरून मिटवायचा. आवाज कोणाचा मोठा, यावरून मिटवायचा नाही.

दुसरी गोष्ट. आपल्या जमिनीतल्या हद्दीच्या खुणा जपणे हे आपले काम आहे. दगड पडला, पुरला गेला, तर तो नीट करणे खातेदाराकडे आहे.

तिसरी गोष्ट. हद्दीची खूण मोडणे, उपटणे, सरकवणे हा गुन्हा आहे. त्याला दंड आहे.

चौथी गोष्ट. मोजणी करणारा माणूस हद्द दाखवतो. तो ताबा देत नाही. पुष्कळांचा इथेच गैरसमज होतो. मोजणी झाली, आपली जमीन शेजाऱ्याकडे निघाली, की लोक त्याच दिवशी नांगर घालायला धावतात. असे करू नये. डोकी फुटतात आणि खरा माणूस आरोपी होतो. ताब्यासाठी महसूल अधिकाऱ्याकडे किंवा दिवाणी कोर्टात रीतसर जावे.

मोजणीचे काम भूमि अभिलेख खाते करते. खात्याचे वरिष्ठ अधिकारी पुण्याला असतात. त्यांना जमाबंदी आयुक्त म्हणतात. जिल्ह्याला अधीक्षक असतात, तालुक्याला उप अधीक्षक असतात. प्रत्यक्ष शेतात येतो तो भूकरमापक.

कायदा पुन्हा का बदलावा लागतो

आता तुम्ही विचाराल, कायदा आहे, खाते आहे, मग अडचण कुठे आहे? अडचणी तीन आहेत.

पहिली अडचण माणसांची. वाटण्या वाढल्या, खरेदी-विक्री वाढली, रस्ते आणि कालवे आले. मोजणीचे अर्ज वाढले. त्या मानाने भूकरमापक वाढले नाहीत. अर्जदार वाट बघून कंटाळतो. मग तो आमच्या वडिलांनी केले तेच करतो. कोणालातरी पैसे देऊन बांध घालून घेतो.

दुसरी अडचण यंत्रांची. १९६६ साली साखळी, शंकू आणि फळा ही हत्यारे होती. आज शेतात रोव्हर येते. हे काठीवर बसवलेले एक यंत्र असते. आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ते घेते आणि आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगते. चूक झाली तर बोटा-दोन बोटांची. गावठाणाची मोजणी तर ड्रोनने होते. उडत्या यंत्रातून फोटो काढून नकाशा करतात. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली.

पण एक सांगतो. यंत्र नवे आहे, नकाशा मात्र जुना आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी साखळीने काढलेला. नवे यंत्र आणि जुना नकाशा यांचा मेळ घालायला जाणता माणूसच लागतो. त्याला जुने दगड शोधावे लागतात. टिपण वाचावे लागते. शेजारच्या नंबरांची हद्द जुळवून पाहावी लागते. ज्याला हे येत नाही, त्याच्या हाती महागडे यंत्र दिले, तर तो चुकीची जागा फार बारकाईने दाखवील. म्हणून यंत्राइतकीच त्याच्यामागच्या माणसाची परीक्षा हवी.

तिसरी अडचण जबाबदारीची. वकिलाची सनद असते. तो चुकला तर वकिलांच्या परिषदेकडे तक्रार करता येते. डॉक्टरांचेही तसेच. जमीन मोजणाऱ्यांसाठी अशी परिषद आपल्या देशात कायद्याने झालेली नाही. सरकारी भूकरमापक चुकला तर त्याच्यावर खाते असते. पण खाजगीत मोजणी करणाऱ्यावर कोण? आमच्या वडिलांना हाच प्रश्न पडला होता.

या अडचणींवर राज्ये उपाय शोधत आहेत. शेजारच्या कर्नाटकात परवानाधारक भूमापक बऱ्याच वर्षांपासून आहेत. सरकार त्यांना परवाना देते. ते ठरलेली फी घेऊन मोजतात, आणि सरकारी अधिकारी त्यांचे काम तपासतो. तिथे सर्व्हे नंबरातला एक तुकडा विकायचा असेल, तर आधी मोजणीचा नकाशा लागतो, मग खरेदीखत होते. आपले बेळगावकडचे सोयरेधायरे त्याला अकरा-ई नकाशा म्हणतात. तेलंगणाने २०२५ साली अशा भूमापकांना शिकवून परवाने दिले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही परवानाधारक खाजगी भूमापक घेण्याचे ठरवले. मोजणी त्यांनी करायची आणि ती तपासून प्रमाणित करायची ती भूमि अभिलेख खात्याच्या अधिकाऱ्याने, अशी ही कल्पना आहे.

नव्या नियमांत काय असावे

याबद्दल गावोगाव दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, “बरं झालं, आता ताटकळत बसावं लागणार नाही.” कोणी म्हणतात, “खाजगी माणूस पैसेवाल्याच्या बाजूनं दगड रोवील.” आम्हाला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. नंबर लवकर लागला पाहिजे, हे खरे. आणि ज्याच्या खिशातून फी येते त्याच्याकडे मन झुकते, हेही खरे. म्हणून परवाना देणे हे अर्धेच काम आहे. परवान्याला नियमांची वेसण हवी. आमच्या मते ती वेसण अशी असावी :

१. शिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय कोणाला परवाना देऊ नये. परीक्षा खोलीतही घ्यावी आणि शेतातही घ्यावी.

२. प्रत्येक नकाशावर मोजणाऱ्याचे नाव, सही आणि परवान्याचा नंबर असावा. उद्या चूक निघाली, तर कोणाला विचारायचे ते कागदच सांगेल.

३. आपल्या नातेवाइकाची, भागीदाराची किंवा स्वतःचा लाग असलेली जमीन त्याने मोजू नये.

४. यंत्राची वेळच्या वेळी तपासणी व्हावी. वजनकाट्यावर शिक्का असतो, तसा यंत्राचाही दाखला असावा. आमच्या घरची साखळी कोणी तपासली असती, तर आम्हाला हा पाठ लिहावा लागला नसता.

५. फी किती, हे कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. वर पैसा मागितला तर तक्रार कुठे करायची, तेही तिथेच लिहावे.

६. मोजणीची टिपणे आणि आकडे सरकारी दप्तरात जमा व्हावेत. मोजणारा गाव सोडून गेला, तरी कागद गाव सोडून जाऊ नये.

७. मुद्दाम चुकीचे मोजले तर परवाना जावा, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळावी.

कायदे आमदार करतात. आमदार आपण निवडतो. तेव्हा तुमच्या गावात आमदार आले, की रस्ता आणि पाणी मागताना या सात गोष्टीही विचारा. ग्रामसभेत ठराव करून पाठवता येतो. ठराव साध्या मराठीत लिहिला तरी चालतो.

आपण काय करावे

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. आता आपल्याला वाचता येते, हेच मोठे आहे.

मोजणीचा अर्ज भूमि अभिलेख कचेरीत करता येतो. संगणकावरूनही करता येतो. सातबाऱ्याचा उतारा जोडावा. लगतच्या शेतकऱ्यांची नावे आणि पत्ते नीट द्यावेत. फी भरली की पावती घ्यावी. मोजणी रजिस्टरचा नंबर मिळतो, तो लिहून ठेवावा. त्याला मोजणीचा नंबर म्हणतात. पुढची सगळी चौकशी त्या नंबरावरून होते.

मोजणीच्या तारखेची नोटीस अर्जदाराला येते आणि शेजाऱ्यांनाही येते. शेजाऱ्याच्या मोजणीची नोटीस आली, तर रागाने परत पाठवू नये. घ्यावी, वाचावी आणि त्या दिवशी हजर राहावे. बांध दोघांचा असतो. एक जण घरी बसला, तर दुसऱ्याचेच म्हणणे कागदावर येते.

मोजणारा आला की त्याचे ओळखपत्र बघावे. यात अपमान नाही. खरा माणूस आपण होऊन दाखवतो. जुने दगड, जुनी झाडे, जुनी वाट, जे ठाऊक असेल ते त्याला सांगावे. साखळी असो की रोव्हर, तो काय करतो आहे ते विचारावे.

शेवटी पंचनामा होतो आणि जबाब लिहितात. तो पूर्ण वाचावा. डोळ्याला अक्षर लागत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्यावा. मान्य असेल तर सही करावी. मान्य नसेल तर “मोजणी मान्य नाही” असे लिहून खाली सही करावी. सही केली म्हणजे हार मानली, असे नाही. पण कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये.

नंतर मोजणी नकाशाची प्रत मिळते. तिला ‘क’ प्रत म्हणतात. ती घरात सातबाऱ्याजवळ जपून ठेवावी.

मोजणी चुकली असे वाटले, तरी मार्ग आहे. पुन्हा मोजणीचा अर्ज करता येतो. ती वरचा अधिकारी करतो. तिला निमताना मोजणी म्हणतात. तेही पटले नाही, तर जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे जाता येते. तिला सुपर निमताना म्हणतात. शब्द अवघड आहेत, पण अर्थ सोपा आहे. एकाने मोजले ते दुसऱ्याने तपासायचे.

फी, मुदत आणि नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी कचेरीत जाऊन त्या दिवशीचा नियम विचारावा. चावडीवरच्या किंवा चहाच्या टपरीवरच्या सल्ल्यावर निभावून नेऊ नये.

शेवटचे दोन शब्द

१९९३ च्या मोजणीनंतर बांध सरकवायचा का, असा प्रश्न निघाला. तात्या म्हणाले, “सरकवा. दादाचं दादाला जाऊ द्या.” दगड तीन फूट चार इंच पूर्वेला आला. आंबा आमच्याकडे आला. पण दरवर्षी पहिल्या पाडाची पाटी तात्यांकडे जाई. तात्या गेले, तरी त्यांच्या मुलाकडे ती अजून जाते.

तो आंबा गोड आहे. पण वडिलांनी एकोणीस उन्हाळे तो तोंडात घातला नाही. एक चांगला मोजणारा आणि एक चांगला कायदा असता, तर तो त्यांना खाता आला असता. दर उन्हाळ्यात पाटी भरताना आमच्या मनात हेच येते.

कठीण शब्दांचे अर्थ

भूकरमापक : जमीन मोजणारा सरकारी नोकर.
टिपण : मोजणीच्या वेळी मापे लिहून काढलेला शेताचा कच्चा नकाशा.
पोटहिस्सा : एका सर्व्हे नंबराचा किंवा गटाचा छोटा भाग.
शंकू : काटकोन धरण्याचे मोजणीचे साधन.
खातेदार : ज्याच्या नावावर जमीन आहे तो.
प्रमाणित करणे : तपासून बरोबर आहे असे सहीने सांगणे.
लाग : संबंध, फायद्याचा धागा.

प्रश्न

१. एक गुंठा म्हणजे किती चौरस फूट? हा आकडा कुठून आला?
२. बांध ३३० फूट लांब आहे. तो ६ फूट ८ इंच सरकला. सुमारे किती गुंठे जमीन गेली?
३. वडील आणि तात्या दोघेही खरे बोलत होते. मग चूक कोणाची होती?
४. मोजणारा ताबा देतो का? ताब्यासाठी कुठे जावे?
५. पाठात सांगितलेल्या सात गोष्टींपैकी तुमच्या मते सर्वांत गरजेची कोणती? का?

करून पाहा

आपल्या घरातला सातबारा काढा. त्यावरचे हेक्टर आणि आर मोठ्याने वाचा. त्याचे गुंठे किती होतात ते सुमाराने काढा. मग शेतात जाऊन हद्दीचे दगड जागेवर आहेत का, ते शेजाऱ्याला बरोबर घेऊन बघा. एकटे जाऊ नका. दोघांनी मिळून बघितलेल्या दगडावरून पुढे भांडण होत नाही.